बेळगावचा किल्ला वसईतच गेला होता

बेळगावचा किल्ला इंग्रजांनी कधी घेतला? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. १० एप्रिल १८१८. थॉमस मन्रो तोफा घेऊन आला, तीन आठवडे वेढा चालला आणि किल्ला त्याच्या ताब्यात गेला.

मला विचाराल तर हा किल्ला पंधरा वर्षं आधीच गेला होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, इथून कितीतरी लांब, वसईत. तिथे तोफ उडाली नाही की तट ढासळला नाही. एक तह झाला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी त्याला संमती दिली आणि त्या कागदातली कलमं एकामागून एक चालत पुणे, पंढरपूर, धारवाड करत आपल्या खंदकापर्यंत आली.

हे मी नुसती इतिहासाची हौस म्हणून लिहीत नाही. 'बेळगाव कुणाचं' यावर वाद सुरू झाला की आपल्या वयाची पोरं लगेच राजांची नावं काढतात. समोरचे चालुक्य, राष्ट्रकूट, कदंब सांगतात. आपण शिवाजी महाराज आणि पेशवे सांगतो. रात्र संपते, वाद संपत नाही. साम्राज्यं तहांच्या जोरावर कशी वाढली हे नीट पाहिलं, तर या वादात आपण नेमकं कुठे उभं राहायचं तेही कळतं. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

वसईत काय लिहून दिलं?

२५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले आणि तिथून इंग्रजांच्या मदतीने समुद्रमार्गे वसईला पोचले. गादी परत हवी होती. कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज तयारच होता. मराठ्यांपैकी कुणीतरी अडचणीत सापडून दारात येईल, याची गव्हर्नर जनरल वेलस्ली वाटच बघत होता.

तहात मुख्य गोष्टी अशा. कंपनीचं किमान सहा हजारांचं पायदळ, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायमचं राहील. त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी लढाई नाही, बोलणीसुद्धा नाहीत. आणि निजाम व गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे पैशाचे नि हक्काचे वाद आहेत, त्यात कंपनीचा लवाद मान्य करायचा.

यातलं पहिलं कलम, म्हणजे तैनाती फौज, सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षेत पाच मार्कांना येतं. पण त्यातलं गणित फारसं कुणी सांगत नाही. फौज त्यांची, हुकूम त्यांचा, पगार तुमचा. पगार आधी रोख ठरतो. रोख वेळेवर निघत नाही, बाकी चढते. मग रोखीऐवजी मुलूख लिहून घेतात. मुलूख गेला की तुमचं उत्पन्न घटतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही आणखी कच्चे.

हैदराबादच्या निजामाचं हेच झालं. १७९८ मध्ये त्याने फ्रेंचांच्या हाताखालची आपली फौज मोडून इंग्रजी फौज घेतली. १८०० मध्ये खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेला बळ्ळारी, कडप्पाकडचा मुलूख देऊन टाकला. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या दुसऱ्या फौजेची बाकी थकली, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतलं. अख्खा मराठी मुलूख, आणि हातबदल कसा झाला, तर पगाराच्या बाकीतून. वऱ्हाड मिळवायला त्या साली कंपनीला एक लढाईसुद्धा लढावी लागली नाही.

वसईच्या २६ लाखांत आपल्या बाजूचाही भाग होता बरं का. सावनूर आणि बंकापूरचे महाल. वर्षभरात, १८०३ च्या अखेरीस, पुरवणी तह झाला आणि ते महाल परत देऊन बदल्यात कंपनीने बुंदेलखंडातला मुलूख घेतला. म्हणजे सावनूरचा शेतकरी एका वर्षात कागदावर पेशव्यांचा कंपनीचा झाला आणि कंपनीचा परत पेशव्यांचा. त्याला कुणी विचारलं? पुढचं वाचताना हा प्रश्न डोक्यात ठेवा.

एका कलमाचा प्रवास

माझ्या मते वसईच्या तहातलं सर्वात घातक कलम फौजेचं नव्हतं, लवादाचं होतं. फौज सगळ्यांना दिसत होती. लवादाचं कलम वाचताना कुणाला त्यात धोका वाटला नसता. दोघांचा हिशेब तिसऱ्याने मिटवायचा, त्यात काय वाईट?

काय झालं ते बघा. पेशवे आणि बडोद्याचे गायकवाड यांच्यात जुन्या बाकीचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा वाद होता. पूर्वी असा वाद झाला असता तर दोघांचे वकील बसले असते, भांडले असते, पुढेमागे मिटवलं असतं. आता मध्ये कंपनी होती. शिवाय १८०२ पासून बडोदा स्वतःही कंपनीच्या तैनाती फौजेखाली आलं होतं. तिथल्या अरब शिबंदीचा थकलेला पगार भागवायला सावकारांकडून कर्ज उभं केलं, तर त्याला जामीन कंपनीच. म्हणजे मध्यस्थ एका पक्षाचा रक्षक होता, दुसऱ्याचाही रक्षक होता, आणि दोघांकडून मुलूख घेऊन बसला होता.

हिशेब मिटवायला गायकवाडांनी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांना पुण्याला पाठवलं. त्यांच्या जिवाची हमी कंपनीने घेतली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला देवदर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. खून कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसाठी एवढं पुरेसं होतं, की आमच्या हमीवर आलेला माणूस तुमच्या मुलखात मेला. म्हणजे एका माणसाचा खून आता तहाचा भंग झाला होता.

त्रिंबकजींना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्यांना निर्वाणीचं सांगितलं : त्रिंबकजीला आणून द्या, आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड आमच्या ताब्यात द्या. रायगड तारण! महिन्याभरात, १३ जून १८१७ ला, पुण्याचा तह झाला. त्यात पेशव्यांनी मराठा मंडळाचं प्रमुखपण सोडलं, इतर दरबारांत आपले वकील ठेवण्याचा हक्क सोडला, गायकवाडांवरचे मागचे दावे वर्षाला ४ लाखांवर तोडले आणि मुलूख दिला. त्या मुलखात धारवाडचा किल्ला होता, कुसुगलचा किल्ला होता.

धारवाडचा ताबा घ्यायला मद्रासकडून कोण आला? थॉमस मन्रो.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई होऊन युद्ध पेटलं, तेव्हा मन्रो आधीच धारवाडात बसलेला होता. त्याला बाहेरून चढाई करावी लागलीच नाही. हाताशी थोडी पलटण होती, बाकी त्याने इथलीच माणसं शिबंदीत भरती केली आणि त्यांच्या जोरावर गावंच्या गावं ताब्यात घेत निघाला. बदामी घेतली, गोकाक घेतलं आणि मार्चमध्ये बेळगावसमोर येऊन ठाकला.

आता उलट मोजा. बेळगाव, कारण मन्रो धारवाडात. मन्रो धारवाडात, कारण पुण्याचा तह. पुण्याचा तह, कारण शास्त्र्यांचा खून. आणि शास्त्री पुण्याला आले, कारण वसईतलं ते एक साधं, गरीब दिसणारं लवादाचं कलम.

"पण शेवटी तलवारच ना?"

हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. वसईच्या तहाला अर्थ आला तो १८०३ मध्ये आसई आणि अरगावच्या लढायांनंतर. तोफा नसत्या तर कागदाला कुणी विचारलं नसतं. हे मान्य.

पण लढाया आपणही जिंकलो होतो की. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज मराठ्यांनी अशी कोंडली, की त्यांना तिथेच करार करावा लागला. साष्टीसह घेतलेला मुलूख परत देतो असं त्यांनी लिहून दिलं. पुढे? मुंबईने आणि कलकत्त्याने सांगितलं, आमच्या माणसाला असा करार करायचा अधिकारच नव्हता. झालं, करार रद्द! त्याच्या आधीचं ऐका. १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तो कलकत्त्याने मोडला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. मग पुरंदरचाही पाळला नाही. शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांनी मध्यस्थी करून सालबाईचा तह घडवला तेव्हा युद्ध थांबलं, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

यातली युक्ती ओळखा. कंपनीकडे सही करणारे अनेक होते. मुंबई, मद्रास, कलकत्ता, आणि सर्वांच्या वर लंडन. तह सोयीचा असला तर खालच्याची सही पक्की. गैरसोयीचा असला तर वरचा म्हणणार, त्याला अधिकार नव्हता. आपल्याकडे मात्र पेशव्यांनी दिलेला शब्द सगळ्या मुलखाला बांधायचा. लढाईत एक दिवस जिंकता येतं. जिंकलेलं टिकवायला जे लागतं, कागद, दप्तर, पाच-पंचवीस वर्षांनी जुनी कलमं काढून दाखवणारा कारकून, ते त्यांच्याकडे होतं.

चिकोडी तीनदा फिरली

निपाणी-चिकोडीकडच्या पोरांनो, हा भाग खास तुमच्यासाठी.

चिकोडी आणि मनोळी, म्हणजे सौंदत्तीकडची मुनवळ्ळी, हे दोन तालुके करवीरकरांचे की पेशव्यांकडच्या निपाणकरांचे, यावर जुना झगडा होता. १८११ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आलेल्या एल्फिन्स्टनने १८१२ मध्ये दोन मोठ्या तडजोडी घडवल्या. पंढरपूरला पेशवे आणि पटवर्धन वगैरे दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात समेट केला. कोल्हापूरशी वेगळा तह केला. त्यात कोल्हापूरने चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला, मालवणचा सिंधुदुर्ग कंपनीला दिला आणि विचारल्याशिवाय कुणाशी लढणार नाही असं लिहून दिलं. बदल्यात कंपनीचं संरक्षण.

१८१७-१८ च्या युद्धात कोल्हापूर कंपनीच्या बाजूने राहिलं. बक्षीस म्हणून चिकोडी-मनोळी परत कोल्हापूरला. मग बुवासाहेब महाराजांच्या काळात कंपनीशी बिनसलं, फौजा आल्या, आणि १८२७ च्या तहाने चिकोडी-मनोळी पुन्हा काढून घेतली. या वेळी थेट कंपनीच्या राज्यात.

पंधरा वर्षांत तीनदा. बक्षीस म्हणून दिली, शिक्षा म्हणून काढली. जमीन तीच, माणसं तीच, भाषा तीच. आज चिकोडी-निपाणी बेळगाव जिल्ह्यात आणि शेजारचं कोल्हापूर दुसऱ्या राज्यात, या गोष्टीची एक मुळी त्या १८२७ च्या कागदात आहे. १९५६ ला जी जिल्ह्याची हद्द पायाभूत धरली, ती असल्या देवघेवीतून बनत गेलेली होती.

शब्द लिहिले तिथेच, अर्थ बदलला नंतर

तहाचा सगळ्यात मोठा जोर त्याचा अर्थ लावण्यात असतो.

आपल्याच जिल्ह्यातलं कित्तूर घ्या. १८१८ च्या वेढ्यात कित्तूरच्या देसाईंनी मन्रोला मदत केली होती. त्यांचं संस्थान चालू राहिलं. १८२४ मध्ये देसाई वारले, घेतलेला दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मानला नाही. राणी चन्नम्मा उभी राहिली, ऑक्टोबरात थॅकरे मारला गेला, डिसेंबरात कित्तूर पडलं. संगोळ्ळी रायण्णा पुढेही लढत राहिला आणि १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर गेला. या दोघांचं नाव घेताना कन्नड-मराठी करायचं आपल्याला काहीच कारण नाही. ज्या कागदी चरकात कित्तूर पिळलं गेलं, त्यातूनच पुढे सातारा गेलं.

साताऱ्याचा तह २५ सप्टेंबर १८१९ चा. छत्रपती प्रतापसिंहांना आणि त्यांच्या वारसांना राज्य कायमचं दिलं, असा त्याचा आशय. १८३९ मध्ये प्रतापसिंहांवर कटाचा आळ घेऊन त्यांना काशीला पाठवलं. भावाला, अप्पासाहेबांना, गादीवर बसवलं. १८४८ मध्ये अप्पासाहेब वारले, मरताना दत्तक घेतलेला होता. आता प्रश्न एकच : 'वारस' या शब्दात दत्तक येतो का? आपल्या शास्त्रात येतो, यात कुणाला शंका नव्हती. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्कसुद्धा म्हणाला, तह पाळा, दत्तक माना. डलहौसीने मानलं नाही. सातारा खालसा.

या गोष्टीत मला सर्वात जवळचा वाटतो तो रंगो बापूजी गुप्ते. प्रतापसिंहांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला आणि १८५३ पर्यंत तिथे राहिला. जवळजवळ चौदा वर्षं! सभा, अर्ज, पत्रकं, कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं. त्याचं म्हणणं साधं होतं : तुम्हीच लिहून दिलंय ते पाळा. चौदा वर्षं त्याने साहेबाच्या कागदावर विश्वास ठेवला. परत आल्यावर १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. मुलगा फासावर गेला, रंगो बापूजी कुणाच्या हाती लागला नाही. कागदावरचा विश्वास उडाल्यावर माणूस कुठे जातो, ते यात दिसतं.

पण एकदा असंही झालं, की जुना मराठी कागद जगासमोर उघडला गेला. १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला होता. त्यानुसार नगर हवेलीतल्या काही गावांचं वर्षाला बारा हजार रुपयांचं उत्पन्न पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. नुसतं उत्पन्न, सरंजाम म्हणून. पुढे पेशवाई बुडाली, पोर्तुगीज तिथेच राहिले आणि हळूहळू मालक बनले. इंग्रजांनीही ते चालू दिलं. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली. पोर्तुगाल भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. तिथे पेशव्यांच्या सनदा निघाल्या, मराठी मजकूर आणि पोर्तुगीज मजकूर शेजारी ठेवले गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं, दिला तो महसुलाचा हक्क. मात्र इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मानली गेली, हेही धरलं. आणि फौज-पोलीस नेण्याचा पोर्तुगालला हक्क नाही, असं सांगून भारताने काही मोडलं नाही असा निर्णय दिला.

दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. मूळ शब्द महत्त्वाचा असतो. आणि पावणेदोनशे वर्षं कुणी हरकत घेतली नाही, तर तीही एक प्रकारची संमती धरली जाते. म्हणून सीमाभागात दर १ नोव्हेंबरला काळा दिन का पाळतात, असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो. हरकत नोंदवत राहावी लागते.

आपणही धुतल्या तांदळाचे नव्हतो

एक गोष्ट प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. तहाच्या जोरावर मुलूख वाढवणं इंग्रजांनी शोधून काढलं नाही. चौथाई काय होती? आम्हाला उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्या, आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही आणि दुसऱ्याला देऊ देणार नाही. तैनाती फौजेची ही जुनी चुलत बहीणच म्हणायची. सीमाभागातल्याच भालकीला १७५२ मध्ये निजामाशी तह करून नानासाहेब पेशव्यांनी वऱ्हाड-खानदेशाकडचा मोठा मुलूख मिळवला. भालकी आजही आपल्या मागणीच्या यादीत आहे. त्या तहाच्या वेळी खानदेशातल्या कुणब्याला विचारलं होतं का? नाही. तेव्हा कुणीच कुणाला विचारत नव्हतं.

मग आपला दावा कशावर?

मी सुरुवातीला म्हटलं ते इथे येतं. 'हा मुलूख आमच्या राजाचा होता' हे वाक्य म्हणजे तहाची भाषा आहे. त्या भाषेत जमीन बक्षीस असते, तारण असते, पगाराची बाकी असते. माणूस त्यात नसतोच. त्या भाषेत बोललो तर समोरचा आपल्यापेक्षा जुना राजा आणेल, आणि त्याचंही काही चुकणार नाही.

कायद्यातही ती भाषा चालत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला तो संविधानाच्या १३१ व्या कलमाखाली. राज्याराज्यांमधले वाद तिथे जातात. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे. संविधानाआधी झालेले आणि नंतरही चालू राहिलेले तह, करार, सनदा यांतून उद्भवलेला वाद या कलमाखाली चालत नाही. म्हणजे खुद्द संविधानाने राजांचे कागद बाजूला ठेवलेत. मला ते योग्य वाटतं.

आपली मागणी पहिल्यापासून वेगळ्या पायावर आहे. खेडं हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या बघा, भौगोलिक सलगता बघा, आणि लोकांची इच्छा विचारा. या चार मुद्द्यांत एकही राजा नाही, एकही लढाई नाही. १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात दिला, म्हणजे जिल्हा अखंड ठेवायचाच असा काही नियम नव्हता. मग खानापूर, निपाणी, बेळगाव शहर यांचं का नाही? १९६७ च्या महाजन अहवालावर आपला राग आहे तो याच हिशेबासाठी.

हेही स्पष्ट करतो : १९५६ चा कायदा म्हणजे वसईचा तह नव्हे. तो आपल्याच संसदेने केला, आपणच निवडून दिलेल्यांनी केला. म्हणूनच तो बदलायची मागणी सनदशीर मार्गाने करता येते आणि वर्षानुवर्षं करत राहता येते. रंगो बापूजीला साताऱ्यासाठी मत द्यायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

शेजारचा कन्नड माणूस यात शत्रू नाही. १८१८ ला मन्रोने शिबंदीत भरलेले तुमचे-माझे पूर्वज कुठल्या भाषेचे होते, ते कुणाला मोजायचं आहे? दोन्ही भाषांची माणसं त्या कागदांवर एकाच किमतीला विकली गेली.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी कुणी 'बेळगाव कुणाचं' असं विचारलं, तर तलवारीचा फोटो टाकू नका. महाजन अहवाल वाचा. आपल्या गावची जनगणनेतली भाषेची आकडेवारी काढा. ग्रामपंचायतीचे जुने ठराव शोधा, शाळेत मराठी तुकडी कधी सुरू झाली, कधी बंद झाली ते लिहून ठेवा. सरकारी अर्ज मराठीत द्या आणि पोच घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं रील होत नाही, माहीत आहे. पण वसईपासून बेळगावपर्यंत कंपनी चालत आली ती असल्याच कंटाळवाण्या कागदांवरून. आपल्या बाजूचं दप्तर आपण नाही ठेवलं तर कोण ठेवणार?

आणि कुणी विचारलंच, बेळगाव कुणाचं, तर एवढंच सांगा : इथे राहणाऱ्यांचं. त्यांना एकदा विचारा.